दोन लिथियम पॅक समांतर जोडताना: मोटार बंद असतानाही वाहणारा करंट

ई-रिक्षाला किंवा मालवाहू तीनचाकीला दुसरा बॅटरी पॅक लावायचा म्हटलं, की गॅरेजात पहिला प्रश्न असतो मोटार किती करंट ओढते हा. त्यावरून केबल ठरते, फ्यूज ठरतो, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस लागतं आणि गाडी रस्त्यावर येते. पण मोटारीच्या करंटला कंट्रोलरची (मोटारीला मोजून करंट देणाऱ्या डब्याची) मर्यादा असते. ६० अँपिअरचा कंट्रोलर त्याच्या वर जाऊ देत नाही. दोन पॅक एकमेकांत जो करंट ढकलतात त्याला मात्र कुठलीच मर्यादा घातलेली नसते. चावी खिशात असताना, मोटार थंड असताना एका पॅकमधून दुसऱ्यात शंभर-दीडशे अँपिअर जाऊ शकतात. समांतर जोडणीतल्या बहुतेक खबरदाऱ्या या एका करंटसाठी आहेत.

सगळे आकडे एकाच उदाहरणावर ठेवतो. ५१.२ व्होल्टचे, १०० अँपिअर-अवरचे दोन एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक, प्रत्येकात १६ सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, प्रत्येकाला स्वतःचा १०० अँपिअरचा बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की पॅक बंद करणारं सर्किट). कंट्रोलर ६० अँपिअरचा. पूर्ण चार्ज होताना असा पॅक ५८.४ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे सेलला ३.६५ व्होल्ट, आणि चार्जर काढल्यावर काही तासांत ५३.५ च्या आसपास येऊन स्थिरावतो.

आधी जोडताक्षणी काय होतं ते पाहू. समजा एका पॅकचा सेलपासून बीएमएसपर्यंत मिळून अंतर्गत रोध २० मिलिओहम आहे. दोन पॅकचे ४०, केबल आणि जोडांचे आणखी ४ धरू. एक पॅक ५४ व्होल्टवर आणि दुसरा ५१ वर असेल, तर ३ व्होल्टचा फरक भागिले ४४ मिलिओहम, म्हणजे जवळपास ६८ अँपिअर. तेही ठिणगी पडली त्या क्षणापासून, आणि हात अजून पान्यावर असताना.

इथे रसायनाप्रमाणे फार फरक पडतो. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. ९० टक्के भरलेला आणि ३० टक्के भरलेला पॅक यांच्यात व्होल्ट-दीड व्होल्टचाच फरक दिसतो, त्यामुळे पहिला झटका तीसेक अँपिअरवर राहतो. हेच दोन पॅक १४ सेलचे एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायनाचे) असते, तर एक ५७ च्या जवळ आणि दुसरा ५०.४ च्या जवळ असता. साडेसहा व्होल्टचा फरक म्हणजे दीडशे अँपिअर. एनएमसीचे अर्धवट चार्ज पॅक ‘बघू लावून’ म्हणून जोडणं हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे.

एलएफपीच्या सपाटपणाची दुसरी बाजूही आहे. मीटरवर दोन्ही पॅक ५२.६ दिसले म्हणून दोन्ही सारखे भरलेत असं समजता येत नाही. एकात ४५ टक्के आणि दुसऱ्यात ६५ टक्के असू शकतं. म्हणून एलएफपी पॅक जोडताना पातळी एक करायची खात्रीची जागा एकच, ती म्हणजे पूर्ण चार्ज.

काय जोडायचंच नाही

१६ सेलचा एलएफपी पूर्ण चार्जला ५८.४ आणि १४ सेलचा एनएमसी ५८.८. आकडे इतके जवळचे की हे दोन एकत्र लावायचा मोह होतो, आणि ‘चार्जर तर एकच चालतो’ असं म्हणून लोक लावतातही. पण दोघांच्या उतरण्याची रीत वेगळी आहे. भरलेल्या अवस्थेतून निघाल्यावर एलएफपी लगेच ५३ च्या पट्ट्यात येतो, एनएमसी अजून ५७ वर असतो. म्हणजे सुरुवातीचे काही किलोमीटर बहुतेक सगळा भार एकटा एनएमसी वाहतो. तो ५३ च्या खाली आला की भार एलएफपीकडे सरकतो आणि एनएमसी जवळजवळ मोकळा बसतो. चढावर व्होल्टेज दबला की वाटणी परत बदलते, आणि गाडी उभी केली की दोघं आपापसात करंट देत-घेत राहतात. दोन पॅक लावूनही प्रत्येक क्षणी एकाच पॅकवर ताण. रसायन एक आणि सिरीजमधल्या सेलची संख्या एक, यावर तडजोड करू नका.

क्षमता वेगळी असली, म्हणजे १०० अँपिअर-अवरबरोबर ६० चा पॅक, तर ते चालू शकतं. मात्र दोन्हींचा बीएमएस त्या कामाचा हवा. तीन वर्षं चाललेला पॅक आणि कोरा पॅक ही जोडी मला पसंत नाही. जुन्याचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, म्हणून सुरुवातीला नवा जास्त वाहतो आणि शेवटच्या टप्प्यात, नव्याचा व्होल्टेज उतरल्यावर, भार जुन्यावर येतो. जुना नेमका तिथेच कच्चा असतो.

दोन पॅक सिरीजमध्ये लावण्याबद्दल एका वाक्यात सांगून चालणार नाही, म्हणून थोडं सविस्तर. बीएमएसमधल्या मॉसफेटला (करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचला) व्होल्टेजची मर्यादा असते. १६ सेलच्या बीएमएसला ती साधारण ८० किंवा १०० व्होल्ट असते. असे दोन पॅक सिरीजमध्ये लावले आणि एकाचा बीएमएस ट्रिप झाला, तर त्या बंद मॉसफेटवर दोन्ही पॅकचा मिळून व्होल्टेज येतो, पूर्ण चार्जला ११६.८. मॉसफेट फुटतो, आणि मॉसफेट फुटला की बहुतेक वेळा तो शॉर्ट होऊनच बसतो. संरक्षण गेलं, पण गाडी चालत राहते आणि कोणाला कळतही नाही. उत्पादकाने सिरीज चालेल असं लेखी दिलेलं नसेल, तर तयार पॅक सिरीजमध्ये लावायचे नाहीत.

बीएमएस कॉमन पोर्टचाच, म्हणजे चार्ज आणि डिस्चार्ज एकाच वाटेने होणारा हवा, हा मुद्दा फार वेळा सुटतो. सेपरेट पोर्टच्या बीएमएसमध्ये चार्जिंगची वायर वेगळी आणि डिस्चार्जची वेगळी असते, आणि डिस्चार्जच्या वाटेवर चार्ज थांबवणारा मॉसफेट नसतो. असे दोन पॅक डिस्चार्जच्या टोकांवर समांतर लावले, की एका पॅकमधून दुसऱ्यात शिरणारा करंट अडवायला कोणीच नाही. रीजनरेटिव्ह ब्रेकिंगचा, म्हणजे रीजनचा (ब्रेक लावताना मोटार बॅटरीकडे परत पाठवते तो) करंटही त्याच वाटेने आत जातो. कित्येक स्वस्त बीएमएसमध्ये, कॉमन पोर्ट असला तरी, चार्जच्या बाजूला ओव्हरकरंटचं संरक्षण नसतं. तेवढं काम चार्जर करेल असं त्यांनी धरलेलं असतं. डेटाशीटवर ‘चार्ज ओव्हरकरंट’ अशी ओळ आणि तिच्यासमोर आकडा आहे का, एवढं विकत घेण्याआधी बघा.

दोन पॅक म्हणजे दुप्पट अंतर

दुप्पट करंट नव्हे, हे ठळक अक्षरात लिहून गॅरेजच्या भिंतीवर लावावं असं वाटतं. समजा ५० अँपिअरच्या बीएमएसचे दोन पॅक घेतले आणि कंट्रोलर ८० अँपिअरचा लावला. वाटणी बरोबर असेतो प्रत्येकी ४०, सगळं छान. पण एका पॅकमधला एक कच्चा सेल चढावर २.५ व्होल्टच्या खाली गेला, की तो बीएमएस कट करणार. त्याच क्षणी ८० अँपिअर दुसऱ्यावर येणार आणि तोही ट्रिप होणार. गाडी घाटात, माल भरलेला, आणि पॉवर शून्य. म्हणून नियम असा की प्रत्येक पॅकने, त्याच्या बीएमएसने, केबलने आणि फ्यूजने पूर्ण भार एकट्याने पेलला पाहिजे. आपल्या उदाहरणात १०० अँपिअरचा बीएमएस आणि ६० चा कंट्रोलर आहे, म्हणजे ठीक.

चार्जरचंही तसंच. दोन पॅक आहेत म्हणून दुप्पट करंटचा चार्जर लावू नका. एका पॅकचा बीएमएस आधी कट झाला की चार्जरचा सगळा करंट दुसऱ्यात जातो. एका पॅकला ५० अँपिअर चार्ज चालतो, तर दोन पॅकलाही तीच वरची मर्यादा. २५ अँपिअरच्या चार्जरने २०० अँपिअर-अवर भरायला आठ-साडेआठ तास लागतील, रात्रभरात होतं. लेड-ॲसिड काढून लिथियम लावलेल्या ई-रिक्षांत जुना चार्जर तसाच ठेवलेला दिसतो. त्यातला इक्वलायझेशनचा टप्पा ६० व्होल्टच्या वर जाऊ शकतो, आणि रोज बीएमएसला कट करायला लावणं म्हणजे शेवटच्या संरक्षणाला रोजच्या कामाला जुंपणं आहे. चार्जर ५८.४ व्होल्टचा, लिथियमचाच घ्या.

केबल आणि फ्यूज

१६ स्क्वेअर एमएम तांब्याच्या केबलचा रोध मीटरला साधारण १.१ मिलिओहम, १० स्क्वेअर एमएमचा १.७५. ६० अँपिअर सतत आणि उन्हाळ्यात तापलेला बंद डबा धरला तर १६ च्या खाली जाऊ नये. जास्त तारांची, सिलिकॉन इन्सुलेशनची केबल घ्या. दोन्ही पॅकच्या केबल मोजून सारख्या लांबीच्या कापा, जवळच्या पॅकची जास्तीची केबल वळवून बांधली तरी हरकत नाही. एका पॅकला अर्धा मीटर आणि दुसऱ्याला तीन मीटर केबल दिली, तर जवळचा पॅक कायम जास्त वाहतो आणि लवकर म्हातारा होतो. प्लसचा एक आणि मायनसचा एक असे दोन बसबार (तांब्याच्या जाड पट्ट्या) घ्या, दोन्ही पॅक तिथे आणा. कंट्रोलरकडे जाणारी प्लस बसबारच्या एका टोकावरून आणि मायनस दुसऱ्या टोकावरून घ्या.

जिथे मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ घालवीन ती जागा म्हणजे लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचा भोकाचा धातूचा तुकडा) आणि बोल्ट. लग हेक्स डायच्या हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा. हातोड्याने ठोकलेला लग किंवा नुसता शिसं ओतून भरलेला लग गाडीच्या थरथरीत टिकत नाही. बोल्टवर क्रम असा: बसबारचं तांबं, त्यावर थेट लग, त्यावर साधा वायसर, मग स्प्रिंग वायसर, मग नट. लग आणि बसबार यांच्या मध्ये स्टीलचा वायसर घालणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. सगळा करंट मग त्या स्टीलमधून जातो. जोडाचा रोध १ मिलिओहम झाला, तर ६० अँपिअरला ३.६ वॅट उष्णता एका बोल्टवर साठते. महिन्याभरात लगजवळचं इन्सुलेशन पिवळं पडून कडक होतं. नट टॉर्क पान्याने, पॅकच्या लेबलवर दिलेल्या आकड्याला आवळा आणि नट-बोल्टवर मार्करने एक आडवी रेघ मारा. रेघ तुटली दिसली की नट फिरला हे लांबूनच कळतं.

प्रत्येक पॅकच्या प्लसवर, पॅकच्या टोकाशी जमेल तितका जवळ, स्वतःचा फ्यूज. आपल्या उदाहरणात ८० अँपिअरचा. कंट्रोलरला एक मोठा फ्यूज दिला म्हणून पॅकचे फ्यूज वगळायचे, असं अजिबात चालणार नाही, कारण पॅक-ते-पॅक करंट त्या मोठ्या फ्यूजमधून जातच नाही.

फ्यूज घेताना अँपिअरइतकाच व्होल्टेज बघा. गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारे ब्लेड फ्यूज आणि बरेचसे बोल्टचे फ्यूज ३२ व्होल्ट डीसीचे असतात. ५८ व्होल्टला ते वितळतात, पण आतला आर्क (तुटलेल्या जागेतून चालू राहणारी ठिणगी) विझत नाही आणि फ्यूजच पेटतो. तिसरी गोष्ट तोडण्याची क्षमता. २० मिलिओहमचा पॅक पूर्ण शॉर्ट झाला तर अडीच हजार अँपिअरच्या वर देऊ शकतो. क्लास-टी फ्यूज १२५ व्होल्ट डीसी किंवा त्याहून जास्तचा असतो आणि २० हजार अँपिअर तोडतो. महाग आहे, पण माझं मत विचाराल तर सगळ्या जोडणीत पैसे खर्च करायची पहिली जागा तीच. घरच्या बोर्डावरचा एसी एमसीबी इथे लावू नका. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून तो आर्क विझवू शकतो, डीसीत ती सवलत नाही.

बाहेर शॉर्ट झाला तर बीएमएस फ्यूजच्या कितीतरी आधी कट करतो हे खरं. फ्यूज आहे तो मॉसफेट शॉर्ट होऊन बसलेल्या दिवसासाठी.

बीएमएसच्या मायनसबद्दल एक धोक्याची सूचना. बहुतेक बीएमएस मायनसच्या बाजूने कट करतात. सेलचं मायनस म्हणजे बी-मायनस आणि बाहेर येणारं पी-मायनस. दोन पॅकचे बी-मायनस कधीही एकमेकांना जोडू नका, नाहीतर दोन्ही बीएमएस वगळले गेले. डिस्प्लेची किंवा आरएस-४८५ची (बीएमएसचा डेटा नेणारी) वायर दोन पॅकमध्ये परस्पर जोडली आणि ती आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारी नसेल, तर तिचा ग्राउंड हेच काम चोरून करतो. एक बीएमएस कट झाला की मोटारीचा करंट त्या केसासारख्या बारीक वायरमधून जायला बघतो.

प्रत्यक्ष जोडताना

अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. ५८ व्होल्टचा शॉक सहसा जिवावर बेतत नाही, पण अंगठी दोन टोकांमध्ये अडकली तर बोट जळतं. पान्यांच्या दांड्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळा, चष्मा लावा, ज्या टोकावर काम चालू नाही त्यावर टोपी ठेवा.

दोन्ही पॅक वेगवेगळे, पूर्ण चार्ज करा. दोन-तीन तास तसेच ठेवा. मग मोजा. दोन्ही ५३.५ च्या आसपास आणि आपापसात ०.१ व्होल्टच्या आत हवेत. ॲपमध्ये सेल दिसत असतील तर प्रत्येक सेल बघा. विश्रांतीनंतर एखादा सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली गेलेला असेल, तर तो पॅक समांतर जोडणीला घेऊच नका.

आता कंट्रोलर सुटा ठेवून, दोन्ही फ्यूज काढलेल्या अवस्थेत, सगळ्या केबल जागेवर आवळा. आधी मायनस, मग प्लस. पहिल्या पॅकचा फ्यूज बसवा, बसबारवर ५३.५ आला याची खात्री करा. मग मल्टिमीटरच्या दोन पिना दुसऱ्या पॅकच्या रिकाम्या फ्यूज होल्डरच्या दोन टोकांना लावा. तिथे दिसणारा आकडा म्हणजे दोन पॅकमधला थेट फरक. काही मिलिव्होल्ट दिसले तर सगळं बरोबर. १०७ च्या जवळ दिसला तर दुसरा पॅक उलटा लागला आहे, आणि फ्यूज बसवला असता तर मोठा आर्क झाला असता. अधलामधला, हलणारा आकडा दिसला तर बहुधा दुसऱ्या पॅकचा बीएमएस झोपलेला आहे, त्याला आधी जागा करा. या एका मोजमापाला अर्धा मिनिट लागतो.

फरक ०.१ व्होल्टच्या वर असेल तर १० ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर त्या रिकाम्या होल्डरवर धरून ठेवा. २ व्होल्टच्या फरकाला ०.२ अँपिअर जातो, काही बिघडत नाही. पण मोठा फरक असा मिटवायला दिवस लागतील, त्यापेक्षा परत चार्जर लावणं बरं. फरक मिटला की फ्यूज.

कंट्रोलर जोडताना ठिणगी पडते ती त्याच्या कपॅसिटरमुळे. आधी १०० ओहम, १० वॅटच्या वायरवाउंड रेझिस्टरमधून चार्ज द्या. २००० मायक्रोफॅरडला एक सेकंद पुरतो, दोन-तीन धरा, मग मेन आयसोलेटर (मुख्य स्विच) टाका. रोज हे हाताने होणार नाही, म्हणून प्रीचार्जचा, म्हणजे असा आधीचा चार्ज देणारा, स्विच किंवा रिले कायमचा बसवा.

मग गाडी भाराने चालवून डीसी क्लॅम्प मीटरने दोन्ही पॅकच्या केबल मोजा. साधा एसीचा क्लॅम्प इथे शून्य दाखवेल, हॉल सेन्सरचा लागतो. ४० अँपिअरच्या भाराला १८ आणि २२ अशी वाटणी चालेल. २८ आणि १२ दिसले तर दोष शोधा. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून लग ते बसबार, बसबार ते लग असे एकेक जोड तपासा. २० अँपिअरला चांगल्या जोडावर मिलिव्होल्टभर पडतो. वीस पडत असतील तर तो जोड उघडा, बहुधा वायसर चुकीच्या जागी सापडेल.

शेवटी प्लस ते चॅसी आणि मायनस ते चॅसी मोजा. दोन्ही शून्याकडे हवेत. प्लस ते चॅसी पूर्ण व्होल्टेज दिसला, तर मायनस कुठेतरी चॅसीला लागलेला आहे. अनेक गाड्यांत दिव्यांचा साधा डीसी-डीसी कन्व्हर्टरच हे करतो. अशा गाडीत प्लसची केबल पत्र्याला घासली की थेट शॉर्ट. चॅसीतल्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, केबलवर कॉरुगेटेड पाइप, आणि दर वीस-पंचवीस सेंटिमीटरला क्लॅम्प. केबल पॅकमध्ये खालून शिरू द्या, म्हणजे कोकणातल्या पावसातही पाणी केबलवरून ओघळत आत जाणार नाही.

ज्यांना रीजन नको आहे त्यांनी दोन पॅकच्या मध्ये आयडियल डायोडचं मॉड्यूल लावावं. पॅक-ते-पॅक करंट मुळातच बंद होतो, पातळी जुळवायची गरज उरत नाही. २ मिलिओहमच्या मॉड्यूलमध्ये ५० अँपिअरला ५ वॅट उष्णता होते, साध्या शॉट्की डायोडमध्ये पंचवीसेक, म्हणून त्याला मोठी हीटसिंक लागते. मात्र चार्जिंग मग दोन्हींचं वेगवेगळं करावं लागतं, आणि रीजन चालू ठेवलं तर त्या करंटला जायला जागा नसल्याने कंट्रोलर उडू शकतो.

कायद्याची बाजू. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर ई-स्कूटर पेटल्यानंतर दुचाकी-तीनचाकींच्या बॅटरीसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं, आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. एका पॅकमधला पेटलेला सेल बाकीच्यांना पेटवतो का, पाणी आत जातं का, हे त्यात तपासतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत पास झालेला पॅकसुद्धा त्याच्या मूळ जागी पास झालेला असतो. दुसरा पॅक हा मूळ रचनेतला बदल आहे आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याला लागू होतं. म्हणून गाडीच्या उत्पादकाकडे दुसऱ्या पॅकची सोय आहे का ते आधी विचारा. असेल तर त्यांचाच हार्नेस घ्या, आणि आरटीओ व विमा कंपनीला लेखी कळवा.

विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डबा ४५ अंशांच्या वर सहज जातो. बहुतेक बीएमएस ४५ ते ५५ अंशांच्या मध्ये कुठेतरी चार्ज बंद करतात. समांतर जोडणीत मोटारीकडचा किंवा उन्हाकडचा पॅक आधी कट होतो आणि दुसरा एकटाच भरत राहतो. संध्याकाळी पहिला थंड होऊन परत लागतो तेव्हा दोघांत फरक पडलेला असतो. दोन्ही पॅक एकाच सावलीत, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर मोकळी हवा ठेवून बसवा, आणि दुपारी कामावरून आल्या आल्या चार्जर लावू नका.

एखादा पॅक दुरुस्तीला बाहेर गेला तर त्याचा फ्यूज काढून केबलच्या टोकाला टोपी लावा. तो परत आला की पुन्हा दोन्ही वेगवेगळे पूर्ण चार्ज करायचे, दोन-तीन तास थांबायचं आणि रिकाम्या होल्डरवर मीटर लावायचा.